आन् घोडं काय म्हनलं?

कुणी लढाईची गोष्ट सांगू लागलं की चाचा ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत. गोष्ट संपली, सांगणारा जरा ताठ बसला, की ते दोन्ही हातांची पहिली बोटं डोक्याच्या दोन बाजूंना उभी धरायचे, घोड्याच्या कानांसारखी, आणि शांतपणे विचारायचे, "समदं बराबर. आन् घोडं काय म्हनलं?"

सांगणारा तिथंच अडायचा. त्याच्या गोष्टीत तलवार असायची, भाला असायचा, रक्ताचे पाट असायचे. घोडा मात्र खुर्चीसारखा. बसायचं आणि निघायचं. चाचा उत्तराची वाट पाहायचे. ते आलं नाही की बोटं हळूच मागं पाडायचे. घोड्यानं कान मागं पाडले म्हणजे त्याला पटलेलं नाही, एवढं आपल्याकडं शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं. शाळेत गेलेल्यांचं मी सांगत नाही.

दुसरं महायुद्ध संपता संपताच्या त्या सालांत तुमच्यापैकी जे सांगलीला घाटावर सकाळी आंघोळीला जात असतील त्यांनी हा माणूस पाहिलेला आहे. उंचीनं बेताचा, पाय कमानीसारखे बाकदार, दाढीला मेंदी, डोक्याला घट्ट बसलेली कापडी टोपी. आणि त्याच्या उजव्या खांद्याशी, दोर न लावता चालणारी एक तांबूस घोडी. तिचं नाव शेवंती. चाचा कायम तिच्या डाव्या अंगाला असायचे. तिचा उजवा कान जगाकडं फिरत राहायचा, डावा कान त्यांच्याकडं.

चाचा चाबुकस्वार होते. कोरा घोडा बसण्याजोगा करायचा आणि कोऱ्या माणसाला घोड्यावर बसवायचं, हे चाबुकस्वाराचं काम. नावात चाबूक आहे, पण त्यांच्या हातात मी तो कधी पाहिला नाही. तरुणपणी ते इंग्रजांच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, होते. पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडं जाऊन आले. नंतर वीस वर्षं एका संस्थानच्या पागेत. पुढं पागेत मोटारी उभ्या राहू लागल्या, घोडे कमी झाले आणि चाचांना एक बुटकी घोडी देऊन निरोप मिळाला; तीच शेवंती. भीमथडीची जात, साहेबाच्या नजरेत भरेल एवढी उंची तिला नव्हती. संस्थानिक माणसं कशी वापरून टाकतात यावर मी वेगळं पत्रक लिहिलेलं आहे, ते इथं उगाळत नाही.

पागा सुटल्यावर चाचा शेवंतीला घेऊन लग्नाच्या वराती करू लागले. नवरदेव घोडीवर, पुढं ताशा, आणि मिरवणूक चौकात आली की नवरदेवाला उतरवून घोडीचा नाच. मिरजेपासून उंब्रजपर्यंत त्यांना बोलावणं असायचं. शेवंती मागच्या पायांवर उभी राहायची, तालात खूर उचलायची, मध्येच हवेत उडी घेऊन मागं लाथा झाडायची. बायका गच्च्यांवरून बघायच्या. ह्या वरातींपायीच माझी त्यांची गाठ पडली, म्हणजे टक्कर झाली.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. बेचाळीसनंतर भूमिगत राहून बाहेर आलो होतो आणि आमच्या मंडळींनी गावोगाव साध्या लग्नांची मोहीम धरली होती. हुंडा नाही, मानपान नाही, वरात नाही. माझ्याकडं पत्रकं लिहायचं काम. एका छापखान्याच्या मागच्या खोलीत राहायचो. त्या उन्हाळ्यात मी 'वरातीचा घोडा हटवा' हे पत्रक काढलं. त्यातलं एक वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं: 'श्रीमंतीच्या मदानं उन्मत्त झालेला घोडा गरिबाच्या छातीवर नाचतो आहे.' बाजाराच्या दिवशी पत्रक हातोहात गेलं. नऊ गावांनी ठराव केले. वरात बंद, घोडा बंद. मी हवेत होतो.

आठ दिवसांनी चाचा छापखान्यात आले. पत्रक घडी करून टोपीत ठेवलेलं. त्यांना वाचता येत नव्हतं. चहावाल्याकडून वाचून घेतलं होतं, तेही तीनदा.

"पत्रक लिवनारं तुमीच का?"

"मीच."

"झ्याक लिवलंय. लोक उधळत्यात, खरं हाय. पोरीचा बाप भरडला जातो, त्येबी खरं हाय. मी भांडाय न्हाई आलो." त्यांनी घडी उलगडून बोट ठेवलं ते नेमकं माझ्या आवडत्या वाक्यावर. चहावाल्यानं जागा दाखवून ठेवली असावी. "हितं उन्मत्त म्हनलाय. म्हंजी माजल्यालं, व्हय ना? माजी घोडी माजल्याली न्हाई. नऊ वर्सांत तिनं मानसाला लाथ लावली न्हाई. बाकीचं ऱ्हाऊ द्या. येवडा शबूद काडा."

मी त्यांना समजावू लागलो की हा घोडा म्हणजे तुमची घोडी नव्हे. हा एका समाजव्यवस्थेचा घोडा आहे. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग बोटं डोक्याशी गेली.

"आन् त्ये व्यवस्थेचं घोडं काय म्हनलं?"

खिळे जुळवणारा आमचा माणूस तोंड फिरवून हसला.

"घोड्यावर बसलाय का कवा, पत्रकराव?"

"नाही."

"मग आदी बसा. मग लिवा. बेस्तरवारी सकाळी घाटावर या."

त्या दिवसापासून मी पत्रकराव. सांगलीत काही लोकांना माझं खरं नाव अजून माहीत नाही.

गेलो ते रागानं गेलो. म्हटलं, बसून दाखवतो आणि मग तेच वाक्य पुन्हा छापतो. पहिल्या दिवशी मी आयाळ धरली, खोगीर धरलं, शेवटी चाचांचा खांदा धरला. "धरू नगा, बसा," ते म्हणाले. "धरनारा पडतो." दुसऱ्या गुरुवारी पाय कुठं असतात ते कळलं. तिसऱ्या गुरुवारी मला वाटलं, आपल्याला येतं.

नेमका त्याच आठवड्यात एका उत्सवाच्या अंकात माझा मराठ्यांच्या घोडदळावरचा लेख आला होता. त्यात मी लिहिलं होतं, 'घोड्यावर घोडा आदळला, छातीला छाती भिडली.' चहावाला आमच्या दोघांमध्ये फार मन लावून काम करत होता. चाचांनी मला घाटाच्या वरच्या अंगाला नेलं. तिथं एका जुन्या वखारीची भिंत होती.

"घाला घोडी भिंतीवर."

"आपटेल की ती."

"तुमीच लिवलंय आदळत्यात म्हनून. भरधाव घाला."

मी टाच मारली. शेवंती सुटली. भिंत मोठी मोठी होत गेली, मी डोळे मिटले, आणि भिंत दोन हातांवर आली तशी ती मागच्या पायांवर बसल्यासारखी होऊन डावीकडं वळली. मी नाही वळलो. मी सरळच गेलो. छातीला छाती काही भिडली नाही; भिंतीला माझी भिडली.

"घोडं काय म्हनलं?" चाचांनी वरून विचारलं.

"नाही म्हणालं."

"लिवा आता."

मी धूळ झटकत खाली बसलो आणि ते समोर उकिडवे बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी पुढं कितीतरी पुस्तकांत शोधलं, आणि खुर्चीवर बसून लिहिणाऱ्यांची चीड यावी इतक्या पुस्तकांत ते सापडलं नाही.

"घोडं भिंतीवर जात न्हाई. मानसांची भिंत आसंल, त्येच्यावर बी जात न्हाई. समोरनं घोड्यांची भिंत आली तर मुळीच न्हाई. दोन रिसालं समोरासमोर सुटलं की बहुतकरून एकजन आदीच मागं फिरतो. कवा कवा दोगंबी थबकत्यात आन् आया-भैनी काडत्यात. आन् दोगांलाबी दम आसंल तर फनीत फनी घालावी तसं एकमेकांच्या फटीतनं आरपार जात्यात. जाता जाता एक हात. लागला तर लागला."

"मग लढाई होते कुठं?"

"वळताना. पल्याड गेल्यावर जो पयला वळला, तो दुसऱ्याच्या पाठीवर. म्हनून आपलं बुटकं तट्टू बरं. गाडीच्या चाकायेवड्या जाग्यात वळतं. साहेबाचं उंच घोडं वळंस्तवर हितं गोष्ट संपती."

"पण चाचा, दोनशे वर्षांपूर्वी असंच होत होतं हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"तलवार गेली, बंदूक आली. राजं गेलं, साहेब आलं, आता त्येबी चाललं. घोडं बदललंय का? त्येच कान, त्येच भ्या. मग त्येलाच इचारायचं की."

हे मी साताऱ्याच्या एका गुरुजींना सांगितलं. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले. मराठ्यांच्या घोडदळावर पुस्तक लिहायला घेतलेलं, आणि कागद मिळत नाही म्हणून ते अडलेलं. त्या दिवसांत कोरा कागद सोन्यासारखा होता. ते कापडी पिशवीत टिपणं घेऊन रेल्वेनं मिरजेला आले आणि तिथून सांगलीला. मला वाटलं, आता जुंपणार.

"बखरीत तर स्वच्छ लिहिलंय," गुरुजी म्हणाले, "घोड्यास घोडा भिडला."

चाचांची बोटं मागं पडली. पण गुरुजी चिडले नाहीत. चष्मा पुसून म्हणाले, "बखर लिहिणारा लढाईत होता की नव्हता, हे मी नेहमी विचारतो. घोडा तसं करील का, हे विचारायचं राहून गेलं." आणि टिपणवही उघडली. इतिहासवाल्यांवर माझा राग आहे, पण ह्या एका माणसाला मी त्यातून वगळलेलं आहे.

दरम्यान आमची मोहीम पसरत होती. नऊ गावांची तीस गावं झाली. तुळशीची लग्नं लागली, तिथी निघाल्या, आणि चाचांना एकही बोलावणं आलं नाही. शेवंतीच्या बरगड्या दिसू लागल्या. मिरजेचा एक टांगेवाला दोनदा येऊन तिचे दात बघून गेला. चाचा मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. एकदा फक्त तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "टांग्याला लागली की दोन वर्सांत पाठ इसरंल. समदं शिकवल्यालं पुसून जातंय. मंग ती नुस्ती वडती."

मी काय केलं होतं ते तेव्हा मला दिसलं. साध्या लग्नांबद्दल मी आजही एक अक्षर मागं घेणार नाही. पण माझ्या पत्रकाखाली ही घोडी आणि हा माणूस सापडला होता, आणि त्यांना बाहेर काढणं माझं काम होतं. कसं काढायचं ते सुचत नव्हतं.

ते गुरुजींनी सुचवलं, नकळत. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, "विलायतेत घोड्यांना मागच्या पायांवर उभं राहायला, उडी मारून लाथा झाडायला शिकवतात. ही मुळात रणांगणातली विद्या, असं काही लोक लिहितात. मला खात्री नाही." मी पहिली दोन वाक्यं ऐकली. तिसरं ऐकायच्या आत खिळ्यांच्या पेटीपाशी पोचलो होतो.

'वरातीचा नाच नव्हे, रणांगणाची विद्या.' काय पत्रक होतं ते. घोडी मागच्या पायांवर उभी राहते ती आपल्या छातीची ढाल करून स्वाराला भाल्यापासून वाचवण्यासाठी. लाथा झाडते ती पायदळाचा वेढा फोडण्यासाठी. आपल्या पूर्वजांची ही विद्या आता एकाच घोडीच्या अंगात उरली आहे. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशानं ती टांग्याला जुंपायची का? तेव्हा गावांनी बाकी वरात खुशाल बंद ठेवावी, ह्या एका घोडीला मोकळीक द्यावी. गठ्ठा छापून झाला. उंब्रजच्या बाजूच्या एका मोठ्या गावातल्या पंचांना मी आधीच भेटून आलो. ते म्हणाले, "इतिहासात हाय म्हनताय? मग ठिवू की घोडी. रविवारी बैठकीत या चाचांना घिऊन." त्या गावानं मान हलवली की बाकीची हलवणार होती. म्हणजे काम झालंच होतं.

शुक्रवारी सकाळी मी घाटावर चाचांना पत्रक वाचून दाखवलं. गुरुजीही आले होते. वाचून संपलं. मी जरा ताठ बसलो.

चाचांची बोटं डोक्याशी गेली नाहीत. ते पाण्याकडं बघत होते.

"ह्ये कुनी सांगितलं?"

"गुरुजींच्या पुस्तकात आहे."

गुरुजी खाकरले. "मी म्हणालो होतो की काही लोक तसं लिहितात."

"त्ये लोक नाचनाऱ्या घोड्यावर बसून मारामारीला गेल्यात का?" चाचा उठले. "चला, इचारू तिलाच."

त्यांनी बाजारातून दोन हमाल बोलावले, हातात एकेक बांबू दिला. वरातीतला जुना ताशेवाला जवळच राहायचा. तोही माझ्या कृपेनं रिकामा होता. त्याला शेवंतीच्या कानाशी उभा करून चाचा म्हणाले, "हाण."

ताशा कडाडला. माझे कान बसले. शेवंती उभी. शेपटी तेवढी हलली.

"नाचत का नाही?" मी ओरडून विचारलं.

"मी सांगितलं न्हाई म्हनून." चाचा वर बसले, टाच हलकेच लागली आणि ती नाचू लागली. ताशा थांबला तरी नाचत राहिली. "लोकास्नी वाटतंय ताशावर नाचती. ताशावर ती हुबी ऱ्हाती. नाचती माज्या टाचंवर. आता या रं दोगं, मारा मला."

शेवंती मागच्या पायांवर उभी राहिली. हमालानं सहज हात लांब केला; बांबूचं टोक तिच्या पोटाला टेकलं. "मेली," चाचा म्हणाले. तिनं उडी घेऊन लाथा झाडल्या. दुसरा हमाल बाजूला सरला, ती खाली टेकेपर्यंत थांबला आणि चाचांच्या पाठीत बांबू टेकवून उभा राहिला. "आता मीबी मेलो. लिवा, गुरुजी."

मग त्यांनी नाच बंद केला. लगाम एका हातात, तोही सैल. ती चालत त्या दोघांच्या मधून गेली, वळली, थांबली, उभ्या जागेवरून सुटली, पुन्हा वळली. हमाल धावून धावून घामाघूम झाले. बांबू एकदाही लागला नाही. शेवटी एकजण खालीच बसला. "चाचा, ह्यापरीस पोती बरी," तो म्हणाला.

चाचा उतरले. "ह्ये लढाईतलं. कल्ल्यात हुबं ऱ्हानं. वळनं. सुटनं. वरातीत नवरदेव पाठीवर घिऊन ती ताशात हुबी असती, त्ये लढाईतलं हाय. त्ये बघाय कुनी गच्चीवर येत न्हाई."

गुरुजी भराभर लिहीत होते. मी हट्टाला पेटलो होतो.

"असेल चाचा. पण कुणाला कळणार आहे? एक ओळ आहे. रविवार गेला की शेवंती वाचते. कुणाचं काय बिघडतं?"

चाचा माझ्याकडं बघत राहिले. मग ते बोलले ते माझ्याशी बोलल्यासारखं नव्हतं, तिच्याशीच.

"रिसाल्यात माजा एक जोडीदार हुता. मेढ्याकडचा. त्येचं घोडं लय गुनी. जत्रंसाठी मी त्येला नाचाय शिकवलं. ताशावर. तवा मला वाटायचं, ताशा वाजला की आपसूक नाचावं, म्हंजी खरी कला. सायबानं टाळ्या वाजवल्या. मंग आमाला बसऱ्याकडं नेलं." त्यांनी खोगिराचा पट्टा उगाचच तपासला. "मशीनगन लांबनं कशी वाजती, ठावं हाय का तुला?"

मी मान हलवली. नाही.

"ताशावानी."

ताशेवाल्यानं काड्या खाली ठेवल्या.

"बाकीची घोडी वळली, पळाली. आमी वाचलो त्ये घोड्यांनी वाचवलं. त्येचं एकलं उघड्या रानात जागच्या जागी नाचत हुतं. तो टाचा मारतोय, लगाम वडतोय, आन् त्ये नाचतंय." त्यांनी शेवंतीच्या मानेवर हात ठेवला. "घोडं चुकलं न्हाई, गड्या. मी शिकवल्यालं त्येच केलं त्येनं."



"आता तू छाप, नाच लढाईचा हाय म्हनून. तू चांगलं लिवतोस. लोकास्नी पटंल. त्येचंच भ्या हाय. नवं राज्य येतंय, रिसालं ऱ्हातील, पोरं भरती हुतील. एखादा वाचून घोड्याला ताशावर नाचवत नील."

तोवर ते मला 'तुमी' म्हणायचे. त्या दिवसापासून 'तू'.

तरीही रविवारी मी गठ्ठा पिशवीत घालून नेला. खरं सांगतो, मी ठरवलं नव्हतं. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार प्रत्येक चढावर थांबत होती आणि प्रत्येक थांब्याला मी मनात दोन्ही बाजूंनी भाषण करत होतो. चाचा खिडकीशी बसून शेतातली बैलं बघत होते. चावडीत माणसं जमली. पंच चाचांना ओळखत होते. पंचांच्या थोरल्या मुलाची वरात शेवंतीवरूनच निघाली होती.

"आवं चाचा, ह्यो नाच म्हंजी लढाईची इद्या हाय म्हनं? पत्रकराव सांगत हुतं."

मी तोंड उघडलं. चाचा उठले. त्यांनी फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. तेही नाही, नुसतं गप्प बसायचं होतं. पुढचं मी बघितलं असतं.

"न्हाई," चाचा म्हणाले. "नाच लगनाचा हाय. लढाईत नाचल्यालं घोडं मी बघितलंय."

पंचांनाच अवघडल्यासारखं झालं. "मग घोडीचं कसं हो?"

"माज्या घोडीचं मी बघतो. ठराव चांगला हाय. ठिवा."

आणि ठराव राहिला.

परतीच्या वाटेवर ते मजेत होते. माझ्या पिशवीत हात घालून त्यांनी एक पत्रक काढलं, उलटसुलट करून बघितलं. "पाठकोरं हाय की रं. गुरुजी कागदापायी रडत्यात. दिऊन टाक त्येंना."

गुरुजींनी घोडदळाच्या लढाईवरचं प्रकरण त्याच पाठकोऱ्या गठ्ठ्यावर लिहिलं. मी ते हस्तलिखित पाहिलं आहे. एका बाजूला माझ्या ठळक खिळ्यांत 'रणांगणाची विद्या', आणि पान उलटलं की गुरुजींच्या बारीक अक्षरात, घोडा भिंतीवर जात नाही, लढाई वळताना होते. त्यात चाचांचा उल्लेख एवढाच: 'एका माहीतगार चाबुकस्वाराच्या सांगण्यावरून.' मी गुरुजींशी कडाकडा भांडलो. राजांची नावं सात पिढ्यांसकट लिहिता आणि ज्यानं शिकवलं तो 'एक माहीतगार'? गुरुजी म्हणाले, "मी विचारलं होतं त्यांना. ते म्हणाले, नाव नको. उद्या कुणी मला चुकीचा ठरवील. तेव्हा माझ्या नावाला मान देऊन थांबू नका, त्यालाही घोडीवर बसवा."

शेवंती मिरजेला टांग्याला गेली. पहिला महिनाभर चाचा रोज मिरजेला जायचे. दांड्यांत कसं चालायचं ते तिला त्यांनीच शिकवलं, आणि टांगेवाल्याला लगाम सैल कसा धरायचा तेही. मग जाणं थांबवलं. "दोन मालक झालं की घोडं येडं हुतंय," म्हणाले. गुरुवारी घाटावर मी जायचो. घोडी नव्हती, तरी आम्ही बसायचो. पुढच्या श्रावणात चाचा तापानं गेले. मला कळलं तेव्हा मी साताऱ्याला सभेत होतो. पोचेपर्यंत माती झाली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी मिरज स्टेशनाबाहेर उभा होतो. कुणी पुढारी येणार होते. माणसं, फुलं, फटाके, आणि चार ताशे एकदम. टांग्यांची घोडी उधळायला लागली. टांगेवाले लगामांना लोंबकळत होते. एक टांगा तर मागं मागं जाऊन फळवाल्याच्या गाडीवर चढला. त्या सगळ्यात एक बुटकी तांबूस घोडी दांड्यांत उभी होती. ताशेवाले तिच्या तोंडाशी येऊन वाजवू लागले. शेपटी तेवढी हलली.

"ही अशीच," टांगेवाला मला म्हणाला. "कशाला भीत न्हाई, कशाला नाचत न्हाई."

मी जवळ गेलो. तिचा उजवा कान पुढं, ताशाकडं होता. डावा बाजूला वळलेला होता, आणि त्या बाजूला कुणी नव्हतं.